खिंडीतला शेंदूर

"हिला खिंडीत पाठवू नका," वैजयंती म्हणाली.

सकाळचे साडेसहा वाजले होते. द्वारका कोळेकर आठशे मीटर पळून आली होती आणि फक्कीच्या रेघेपलीकडं गुडघ्यांवर हात टेकून उभी होती. माझ्या गळ्यातल्या घड्याळात दोन मिनिटं बावीस सेकंद झाले होते. पहिली फेरी सहासष्ट सेकंदांत, दुसरी शहात्तर.

"मग काय करू?" मी म्हणालो. "दुसऱ्या फेरीत पार मेली ती. दम नाही पोरीला. आणि दमाला औषध एकच, खिंड."

"दम आहे. पाय शिणलेत. काल तुम्ही तिला चौदा किलोमीटर पळवलंय."

"सगळ्यांनाच पळवलंय."

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली, आणि गळ्यातलं स्वतःचं घड्याळ पदरात झाकून शाळेला निघून गेली.

वैजयंती म्हणजे माझी बायको. शहाण्णव सालची ही गोष्ट. विट्यात मी तालुक्याचा अॅथलेटिक्स क्लब चालवायचो, आणि ती मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका होती. गावात मी 'साळुंखे सर' आणि ती 'मॅडम'. सत्काराला खुर्ची मला मिळायची. मॅडमना चहाचं बघायला सांगायचे.

खरं तर धावपटू म्हणून ती माझ्यापेक्षा मोठी होती. विद्यापीठाकडून चारशे मीटर पळलेली, दोन वेळा अंतिम फेरीत गेलेली. मी पाच हजार मीटरचा गडी. राज्यात एकदा तिसरा आलो, तेवढीच पुंजी. पण आमच्या घरातल्या काचेच्या कपाटात माझं ब्राँझ पुढं होतं आणि तिचे कप मागं. कपाट मीच लावलं होतं.

आता खिंडीचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

गावापासून सात किलोमीटरवर एक खिंड आहे. तिथं रस्त्याच्या कडेला म्हसोबाचा शेंदूर फासलेला दगड. गुरुवारी आणि रविवारी माझी सगळी पोरं पळत तिथवर जायची आणि परत यायची. सुरुवातीला काही बहाद्दर कालव्यापासूनच माघारी वळायचे आणि वर तोंड करून सांगायचे, खिंड केली म्हणून. मग मी नियम घातला. दगडाला शिवायचं आणि बोटाला शेंदूर लावून यायचं. ग्राउंडच्या दारात मी उभा असायचो. "बोट दाखव." केशरी बोट दिसलं की हजेरी. शेंदूर कमी पडू नये म्हणून दर शनिवारी मी स्वतः स्कूटरवरून जाऊन तेलात कालवून दगडाला लेप द्यायचो. शेंदराची डबी आमच्या घरी देव्हाऱ्याखालच्या फळीवर असायची. लोक गमतीनं म्हणायचे, साळुंख्यांचा म्हसोबा पोरांना नवसाला पावतो.

आणि तो पावलाही होता. मंगल तुपे नावाची एक पोरगी कुणाच्या खिजगणतीत नव्हती. वर्षभर खिंड केली आणि क्रॉसकंट्रीला जिल्ह्यात पहिली आली. एका काढ्यानं एक रोगी बरा झाला की वैद्याला वाटतं, गावालाच हा काढा पाजावा. माझं तेच झालं होतं. चारशेवाला असो, आठशेवाला असो, पाच हजारवाला असो, माझ्याकडं सगळ्यांना एकच ताट. एकाच पंगतीत बसवून मी सगळ्यांना सारखं वाढायचो, आणि त्यालाच न्याय समजायचो.

द्वारका त्या ताटावर वाळत चालली होती. पण ते मला दिसत नव्हतं. मला दिसायचं ते एवढंच, की खिंडीत ती दर वेळी शेवटून दुसरी.

सोळा वर्षांची, धनगराची पोर, मुलींच्या शाळेत दहावीत. ती पहिल्यांदा ग्राउंडवर आली तेव्हा चपला काढून चारशे मीटर पळाली, साठ सेकंदांच्या आत. तिची टाच जमिनीला टेकतच नव्हती. मी हरखलो होतो. वर्ष झालं, चारशेचा आकडा साठाच्या वर गेला होता आणि आठशेचा दोन बावीसच्या खाली येत नव्हता. मी खिंड वाढवत चाललो होतो.

एके दिवशी तिचा बाप, बिरा कोळेकर, ग्राउंडवर आला. डोक्याला लाल मुंडासं, खांद्यावर घोंगडं. बसा म्हटलं तरी बसला नाही.

"सर, दिवाळी झाली की मेंढरं घेऊन आमी खाली कृष्णाकाठाला उतरतो," तो म्हणाला. "यंदा म्हातारी गेली. मेंढरांच्या वाड्यावर बाईमाणूस न्हाय. हिला न्यावं लागंल."

"अहो, दहावीचं वर्ष आहे तिचं."

"म्हून तर इचारायला आलो. ही म्हंती, पुण्याला निवड झाली तर सरकार ठेवून घेतंय. खायला, शिकाया, समदं. खरं हाय का?"

"खरं आहे."

"हुईल का तिची?"

आठशे मीटरला पुण्याच्या क्रीडा वसतिगृहात मुलींची एकच जागा होती. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी चाचणी. पहिली येईल ती राहील, बाकीच्या घरी.

"बघू," मी म्हणालो.

"बघू म्हंजी न्हाईच," बिरा म्हणाला. रागानं नाही, हिशेब लावल्यासारखं म्हणाला. "पर तुमी म्हंतासा तवर थांबतो. दिवाळीपत्तुर."

द्वारका लिंबाखाली उभी राहून सगळं ऐकत होती. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, पायाच्या अंगठ्यानं मुरूम उकरत राहिली.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत एक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली. पोरीचं पाऊल बदललं होतं. सकाळी ग्राउंडवर आली की घोट्यात उसळी दिसायची, वर्षापूर्वी होती तशी. खिंडीत मात्र ती आता शेवटून पहिली यायला लागली होती. मला वाटलं, माझ्या औषधाचा गुण थोडा उशिरा दिसतोय.

एका संध्याकाळी घराची किल्ली द्यायला मी मुलींच्या शाळेत गेलो. शाळा सुटून गेली होती. मागच्या ग्राउंडवरून वैजयंतीचा आवाज आला. "हात खाली. खांदे सोड. आता जा."

मी भिंतीच्या कोपऱ्याशी थबकलो. ग्राउंडवर फक्कीच्या ताज्या रेघा होत्या. द्वारका पळत होती. वैजयंती डोळे मिटून उभी होती. ही तिची जुनी सवय. पावलांच्या आवाजावरून कोण किती दमलंय हे तिला कळायचं. लग्नानंतर मी तिच्याकडून ते शिकायचा प्रयत्न करून पाहिला होता, मला ते कधी जमलं नाही.

माझा अंगठा आपोआप घड्याळावर गेला होता. रेघ ते रेघ, तीनशे मीटर. त्रेचाळीस सेकंद दोन.

मग द्वारका बसली. वैजयंतीनं तिला शेंगदाणे आणि गूळ दिला. पाच मिनिटं झाली, सात झाली, दहा झाली. दोघी कशावर तरी हसत होत्या. माझ्या ग्राउंडवर दहा मिनिटं बसणाऱ्या पोराला मी घरी पाठवून दिलं असतं. मग ती उठली आणि पुन्हा पळाली. त्रेचाळीस चार. पुन्हा दहा मिनिटं. तिसऱ्यांदा त्रेचाळीस एक.

वर्षभर मी जे शोधत होतो ते तिथं, चिंचेच्या सावलीत, गूळ-शेंगदाणे खात बसलं होतं.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. बायकोकडं दुसरा पुरुष बघतो म्हणून जळणारे नवरे मी पाहिलेत, माझं जळणं त्याहून हलकं नव्हतं. माझी पोरगी, मी शोधलेली, मी पळवलेली, आणि तिच्या पायातला वेग सापडला माझ्या बायकोला. तोही डोळे मिटून. किल्ली तशीच खिशात घालून मी माघारी फिरलो. वैजयंतीला त्या दिवशी शेजारच्यांच्या ओट्यावर तासभर बसावं लागलं.

जेवताना मी विषय काढला.

"किती दिवस चाललंय हे?"

तिला कशाबद्दल ते विचारावं लागलं नाही. "सव्वा महिना. आठवड्यातून तीन दिवस."

"माझ्या पाठीमागं?"

"तोंडावर सांगून बघितलं होतं. ऐकलंत का?" तिनं भाकरी तव्यावरून उतरवली. "अहो, मंगलला खिंड मानवली. मंगल दिवसभर चालणारा बैल आहे. ही वासरू आहे, उधळणारं. हिला कमी पळवायचं, जोरात पळवायचं आणि भरपूर बसू द्यायचं. अधूनमधून हळू पाच-सहा किलोमीटर, बास. वेग तिच्याकडं देवाचा आहे, तो शेवटच्या दीडशेपर्यंत शिल्लक ठेवायला शिकवायचं. एवढंच."

"माझ्याकडं सगळ्यांना सारखं आहे."

"पंगतीत सुद्धा ज्याच्या पोटाला जे सोसतं ते वाढतात. तुमच्या आईला आपण डाळ वाढत होतो का?"

आईला डाळ बाधायची. हरलेला नवरा जे करतो ते मी केलं. ताटावरून उठलो.

"तुला पुढं यायचंय," मी हात धुताना म्हणालो. "आयुष्यभर मागं राहिलीस त्याचं काढतीयस."

तिनं तवा खाली उतरवला. मग म्हणाली, "कपाटातले कप मागं कुणी ठेवले ते मला माहीत आहे हो. मी कधी हलवलेत का?"

पुढचे दहा-बारा दिवस आम्ही घरात कामापुरतं बोललो. संध्याकाळी ती उशिरा यायची, मी विचारायचो नाही. मनात मात्र एकच घोळत होतं. द्वारका जिंकली तर गाव काय म्हणेल? सरांनी वर्ष घालवलं आणि मॅडमनी दोन महिन्यांत करून दाखवलं. आणि ती हरली तर? हे 'तर' मनात आलं की मला बरं वाटायचं. ते बरं वाटणं मी आजही विसरलेलो नाही.

चाचणी रविवारी होती. त्याआधीच्या बुधवारी मी ग्राउंडवर जाहीर केलं, "उद्या खिंड. झाडून सगळ्यांनी. ज्याच्या बोटाला शेंदूर नाही, त्याच्या फॉर्मवर माझी सही नाही."

फॉर्म एकाच पोरीचा जायचा होता, हे सगळ्यांना माहीत होतं. द्वारकानं मान खाली घातली.

घरी वैजयंतीच्या कानावर ते माझ्या आधी गेलं होतं. ती दारातच उभी होती.

"चार दिवसांवर चाचणी आली. चौदा किलोमीटरनं पाय दगड होतील तिचे. तुम्हाला हे कळत नाही असं नाही."

"माझं ग्राउंड आहे."

"ग्राउंड तुमचं आहे. पोरगी कुणाची आहे?"

"माझी," मी म्हणालो.

"बिरा कोळेकराची आहे," ती म्हणाली, आणि आत जाऊन दिवा लावायला लागली.

गुरुवारी सकाळी पोरं सुटली. एरवी मी स्कूटरवरून त्यांच्या मागं जायचो. त्या दिवशी गेलो नाही, दारातच खुर्ची टाकून बसलो. तासाभरानं एकेक परतायला लागले. घामानं निथळलेले, पिंढऱ्यांपर्यंत पांढऱ्या फुफाट्यानं माखलेले. "बोट दाखव." केशरी. "बोट दाखव." केशरी. मंगल आली, केशरी.

शेवटी द्वारका आली. माझ्यासमोर उभी राहिली आणि न सांगता तिनं उजव्या हाताचं बोट पुढं केलं.

बोट लाल होतं.

शेंदूर केशरी असतो, तेलकट असतो. हे गडद लाल होतं, कोरडं, आणि बोटाच्या पेरावर नीट गोल टेकवलेलं. त्याला वाळ्याचा मंद वास होता. तो वास मी अठरा वर्षं रोज सकाळी घेत होतो. माझ्या सासूबाईंनी लेकीला दिलेल्या चांदीच्या करंड्यातलं कुंकू होतं ते. मी खाली बघितलं. पोरीच्या पायावर धुळीचा कण नव्हता. श्वास हळू चालला होता.

म्हणजे पोरगी खिंडीकडं गेलीच नव्हती. आमच्या गल्लीत गेली होती. माझ्याच घरात, माझ्याच देव्हाऱ्यासमोर बसून माझ्या बायकोनं तिच्या बोटाला कुंकू लावून माझ्याकडं पाठवलं होतं.

आजूबाजूला वीस-बावीस पोरं बघत होती. एक शब्द बोललो असतो, तर तिथंच सगळं संपलं असतं. जिभेवर आलाही होता.

"जा," मी म्हणालो. "पाय धुवून घे."

"पाय?"

"सगळे धुतात ना? तूही धू."

ती गेली. फॉर्म मी खिशातून काढला आणि गुडघ्यावर ठेवून सही केली. माझं मन मोठं झालं, असं कुणी समजू नये. सही करताना मी मनात म्हणत होतो, हरू दे एकदा पुण्यात. मग बघतो दोघींना. मग सांगतो गावाला, खिंड चुकवली आणि तोंडावर आपटली. लाल बोट मी तेवढ्यासाठी राखून ठेवलं होतं.

घरी मी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. तिनंही नाही.

शनिवारी एसटीनं आम्ही पुण्याला निघालो. मी, द्वारका आणि बिरा. वैजयंतीच्या शाळेत सहामाही परीक्षा होती, तिला रजा मिळाली नाही. स्टँडवर ती सोडायला आली होती. तिनं द्वारकाच्या हातात एक पिशवी दिली. आत तिचे जुने स्पाइक्स होते, तळाचे खिळे घासून तेल लावलेले, बोटांपाशी कापूस भरलेले. ट्रंकेत अठरा वर्षं होते ते. मला वाटलं होतं, ते केव्हाच भंगारात गेले.

मला ती एवढंच म्हणाली, "सांभाळून न्या."

रविवारी सकाळी आठशेच्या मुली वॉर्मअप करत होत्या. एकंदर अकरा. मी त्या बघितल्या आणि नाशिकची एक उंच पोरगी हेरली. सुरुवातीपासून पुढं पळणारी, दमाची. मंगलच्या जातीची, पण मंगलपेक्षा पक्की. हिच्याशी दमात भिडायला गेलं तर द्वारका सातशेला संपणार, हे मला डोळ्यांनी दिसत होतं. आणि मी द्वारकाला वर्षभर शिकवलं होतं ते नेमकं तेच. पुढं घुसायचं आणि पुढंच राहायचं. मी स्वतः तसाच पळत आलो होतो.

द्वारका स्पाइक्सचे बंद बांधून माझ्यापाशी आली. कुंपणापलीकडं बिरा घोंगडं सावरत उभा होता.

"सर, कसं पळू?"

"मॅडमनी सांगितलं असेल की," मी म्हणालो. आवाजातला कडूपणा मला लपवता आला नाही.

"मी इचारलं हुतं. मॅडम म्हणल्या, तितं सर सांगतील तसंच पळायचं. माझं काय बी ध्यानात आणायचं न्हाय. शर्यतीच्या दिशी सरांचं घड्याळ खोटं बोलत न्हाय."

मी गळ्यातलं घड्याळ हातात धरलं.

दोन महिने चोरून जे घडवलं, ते तिनं शेवटच्या क्षणी माझ्या हातात ठेवलं होतं. मी 'पुढनं पळ' म्हणालो असतो, तर पोरगी पुढनं पळाली असती आणि हरली असती. खिंड खरी ठरली असती. मी गावाला सांगायला मोकळा झालो असतो. कुणाला कधी कळलंही नसतं. मला फक्त दोन शब्द बोलायचे होते आणि ते दोन्ही शब्द माझे रोजचे होते.

"सर?"

माझ्या डोळ्यांसमोर एक आकडा आला. त्रेचाळीस दोन. मग त्रेचाळीस चार. मग त्रेचाळीस एक. भिंतीआडून का होईना, ते माझ्याच घड्याळानं मोजले होते. ते झालेच नाहीत, असं मला स्वतःशी म्हणता येईना.

"ती नाशिकची दिसतीय का, निळ्या बनियनची?" मी म्हणालो. "तिच्या मागं राहायचं. अगदी पाठीला लागून. पहिली फेरी अडुसष्टच्या आत पळायची नाही. कुणी पुढं गेलं तर जाऊ दे. सहाशेपर्यंत तू झोपलीयस असं समज."

"आन् मग?"

"मग वळण अर्ध्यावर आलं, दीडशे राहिलं, की शाळेच्या मागच्या ग्राउंडवर पळतीस तशी पळ. चिंचेपासून रेघेपर्यंत."

तिचे डोळे मोठे झाले. "सर, त्ये बोट..."

"बंद नीट बांध," मी म्हणालो. "उजवा सुटलाय."

पिस्तूल वाजलं. नाशिकची पुढं गेली आणि द्वारका तिच्या पाठीला लागली. पहिली फेरी अडुसष्ट. सगळ्या मुली एका घोळक्यात होत्या. पाचशेला दोघीजणी द्वारकाच्या पुढं गेल्या आणि कुंपणापलीकडून बिरा ओरडला, "आगं, गेल्या की त्या!" ती हलली नाही. सहाशेला ती चौथी होती. माझ्या हातातलं घड्याळ घामानं निसटत होतं. मला वाटलं, मी चुकलो, वैजयंतीही चुकली, आता पोरगी मेंढरांमागं जाणार.

मग दीडशे राहिलं.

मी डोळे मिटून घेतले. का, ते सांगता येत नाही. पावलांचा आवाज येत होता, दहा-अकरा जणींचा, दमलेला, जड. आणि त्यातून एक आवाज सुटा झाला. हलका, भरभर. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं तो मला ऐकू आला. डोळे उघडले तेव्हा द्वारका रेघेपलीकडं होती आणि नाशिकची चार पावलं मागं.

दोन मिनिटं चौदा सेकंद.

बिरा कुंपणावरून उडी मारून आला आणि माझ्या पाया पडला. "सर, तुमी केलं."

मी त्याला उठवलं. "मी नाही" हे दोन शब्दही सोपे होते. ते मी बोललो नाही.

विट्यात सत्कार झाला. स्टेजवर खुर्ची मला. पाहुण्यांनी भाषणात खिंडीचा आणि म्हसोबाचा उल्लेख केला, टाळ्या पडल्या, आणि मी हार घालून मान डोलावली. बायकांच्या रांगेत वैजयंती टाळ्या वाजवत होती. द्वारका तेव्हा पुण्याला वसतिगृहात होती. पुढं ती रेल्वेत लागली, आता पोरींना शिकवते.

मी तोंडानं काही बोललो नाही, पण त्या दिवाळीनंतर माझ्या वहीत रकाने आले. प्रत्येक पोराचा वेगळा. कुणाला खिंड, कुणाला दोनशे-तीनशे, कुणाला नुसतं बसणं. पोरांनी विचारलं, "सर, सगळ्यांना सारखं का नाही?" मी म्हणायचो, "पोटं सारखी आहेत का तुमची?" हे वाक्य कुणाचं, ते मी कधी सांगितलं नाही. काचेच्या कपाटातले कप मात्र एका दुपारी मी पुढं आणले. तिनं ते पाहिलं आणि धूळ पुसून परत पुढंच ठेवले.

परवा, म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांनी, आम्ही दोघं ओसरीवर बसलो होतो. दोघंही कधीच निवृत्त झालोय. ती भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. मी कपाट आवरताना सापडलेला तो चांदीचा करंडा पुसत होतो. आता ती टिकली लावते, करंडा रिकामाच असतो. झाकण उघडलं तर वाळ्याचा वास अजून आत होता.

"वैजयंती," मी म्हणालो, "त्या गुरुवारी द्वारकाच्या बोटाला कुंकू होतं. मला तेव्हाच कळलं होतं."

"हो ना," ती म्हणाली.

"तू घाईत फसलीस. शेंदराऐवजी कुंकू लावलंस."

तिनं हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "देव्हाऱ्याखाली तुमची शेंदराची डबी होती की. पोरीनं तीच आणून दिली होती माझ्या हातात. मी म्हटलं, ठेव परत."

मी करंडा पुसायचा थांबलो.

"म्हणजे मला कळावं म्हणून?"

"तुम्हाला रंग कळतो. दर शनिवारी तुम्हीच लेप देत होता."

"आणि मी ओरडलो असतो तर? सही केली नसती तर?"

"शाळेची शिक्षिका म्हणून माझी सही चालत होती. मी दुसरा फॉर्म भरूनच ठेवला होता. तुम्ही नियमांचा कागद कधी वाचलात का?"

"मग मला कशाला विचारलंस? पोरगी तुझी तू घेऊन जायची."

"पोरगी पोहोचलीच असती," ती म्हणाली. "तुम्हालाही न्यायचं होतं ना."

वाळ्याचा वास येत होता. वीस-बावीस पोरांच्या देखत त्या लाल बोटानं ती मला विचारत होती आणि मला वाटत होतं, मीच तिची चोरी पकडलीय. माझी चाल, माझा दम, मी कुठं मोडतो आणि कुठं सुटतो, हे सगळं तिनं केव्हाच मोजून ठेवलं होतं. सत्तरी गाठली तरी त्या क्षणी मला तिचा पुन्हा हेवा वाटला. या वेळी मी तो तिला बोलून दाखवला.

"वाटायलाच पाहिजे," ती म्हणाली, आणि सूप माझ्याकडं सरकवलं. "घ्या, फोडा थोड्या."